शिवप्पा मिस्त्रीचा आठ

सोमवारी सकाळी दहाला पाच कमी असले की शिवप्पा मिस्त्री हातपाय धुऊन, कपाळावरचे विभूतीचे पट्टे नीट करून, धुतलेला सदरा अंगात घालून फोनसमोर बसायचा. फोनवरच्या माणसाला सदरा दिसत नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण कोणी आपली विचारपूस करणार असेल तर बनियनवर बसू नये, एवढी रीत जगदेवीने त्याला पस्तीस वर्षांच्या संसारात शिकवली होती.

दहा वाजून एखाद-दोन मिनिटांनी फोन वाजायचा. नांदेडच्या एका कानाच्या दवाखान्यातून मंजुश्री नावाची मुलगी बोलायची. ठरलेले पाच प्रश्न. झोप किती लागली, यंत्र रोज दोन वेळा लावलं का, चक्कर वगैरे आली का, जेवण जातंय का आणि शेवटचा, ज्याच्यासाठी बाकीचे चार होते, तो हा: "आप्पा, शून्य म्हणजे कानात अजिबात आवाज नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तर मागच्या आठवड्यात किती?"

"आठ," शिवप्पा सांगायचा.

हा आठ पहिले चार आठवडे खरा होता. पाचव्या आठवड्यापासून तो खोटा झाला. आता एवढं वय झालेला, रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस एका आकड्यासाठी खोटं का बोलला, हे कळायला त्याचं घर बघावं लागतं.

शिवप्पा मूळचा मुरुडचा. एकोणिसाव्या वर्षी लातूरला आला आणि एका डाळ मिलमध्ये झाडलोट करायला लागला, तो एकेचाळीस वर्षांनी तिथला मिस्त्री म्हणून बाहेर पडला. तुरीचा ट्रक फाटकात शिरला की मालकाच्या आधी त्याला हाक जायची. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसून तो मूठभर दाणे काढायचा आणि त्यातला एक दाढेखाली धरायचा. वाळलेली तूर कट्‌कन बोलते, ओली मुकाट दबते. तेवढ्यावर अख्ख्या ट्रकचा निकाल लागायचा. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल लावून खाली ओला दडवणारे व्यापारी त्याला बघितलं की आधीच ओशाळं हसायचे, कारण हा बाबा नळी नेमकी पोत्याच्या बुडाशी घालायचा. शिवप्पाची मूठ म्हणजे खरी मूठ, असं बाजारात म्हणत.

ज्या मिलने नाव दिलं तिनेच कान नेले. रोज दहा तास तो खडखडाट. कानात कापूस घालावा तर कुठलं यंत्र कुठे अडखळतंय ते कळणार कसं? चाळिशीतच त्याला ऐकू कमी येऊ लागलं आणि जगदेवीला मोठ्याने बोलायची सवय लागली. शेजाऱ्यांना वाटायचं, या घरात रोज भांडण. ती बिचारी वांगी किडकी निघाली एवढंच सांगत असायची. सकाळी उठल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत ती बोलायची आणि तो म्हणायचा, बाई, जरा हळू.

दोन वर्षांमागे ती गेली. माती झाली, पाहुणे पांगले, एकुलता मुलगा विनोद आठ दिवसांनी पुण्याला परतला आणि त्याच संध्याकाळी शिवप्पाला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. मिल रिकामी फिरते तशी एक बारीक, सरळ, न संपणारी किर्र. त्याने उठून फ्रीज बंद केला. मग पंखा बंद केला. मग लाइटच्या मीटरला कान लावून उभा राहिला. आवाज त्याच्याबरोबर घरभर हिंडला. पुढे लातूरच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि म्हणाले, हा आवाज बहुतेक पूर्वीपासूनच होता, तुम्हाला जाणवत नव्हता इतकंच. शिवप्पा घरी येऊन बराच वेळ पायऱ्यांवर बसला. म्हणजे इतकी वर्षं बायको त्या किर्रवर पांघरूण घालत होती आणि आपण तिलाच हळू बोल म्हणत होतो.

विनोदने मग एक शहाणपणा केला. वडिलांना सोबत होईल म्हणून माडी क्लासच्या चार मुलांना भाड्याने देऊन टाकली. लातुरात अशा माड्या गल्लोगल्ली आहेत. पण सोबत कसली! डॉक्टर व्हायला निघालेली ती मुलं पहाटे जायची, दिवेलागणीला यायची, जिन्यात 'काका' एवढं म्हणायची आणि दार लावून पुस्तकात तोंड घालायची. जिन्याच्या भिंतीवर त्यांनीच कागद चिकटवला होता, 'कृपया शांतता राखा'. त्यामुळे स्वतःच्या घरात शिवप्पाला टीव्ही लावायचा तोही मुका लावावा लागे. हसावं की रडावं, अशी गत.

तो उपचारांच्या मागे लागला, पण आंधळ्यासारखा नाही. मिलमध्ये नवी चाळणी आली की पंधरा दिवस चालवून बघायची आणि मगच तोंड उघडायचं, हा त्याचा नियम होता. कानालाही तोच नियम. लसणाचं कोमट तेल, पंधरा दिवस: आवाज तोच, उशी तेलकट. उदगीरच्या हकिमाच्या पुड्या, पंधरा दिवस: आवाज तोच, भूक वाढली, आणि रांधायला घरात कोणी नाही. किनवटकडच्या एकाने जंगलातली मुळी दिली, ती उगाळून कानामागे लावली: कातडी सोलली. कोणी म्हणालं शंख फुंका. फुंकला, तर माडीवरून चारही पोरं खाली आली. सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसलं की पूर्वी पाच मिनिटांत मन थाऱ्यावर यायचं. आता किर्र आधी यायची, मन मागून यायचं, कधीकधी यायचंच नाही.

आणि मग नांदेडच्या चाचणीचं कळलं. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीने तो तिथे पोचला. डॉक्टर मृत्युंजय म्हणून एक शांत माणूस होता, त्याने सगळं फोड करून सांगितलं. कानावर हेडफोन लावायचा, जिभेच्या टोकावर चमच्यासारखी एक चपटी पट्टी ठेवायची, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास. चाळीस माणसं घेतली आहेत. निम्म्यांना खरं यंत्र, निम्म्यांना तसंच दिसणारं, पण आतून पोकळ. कोणाच्या वाट्याला कोणतं, ते बंद पाकिटात, आम्हालाही ठाऊक नाही. बारा आठवड्यांनी ज्यांना गुण आला त्यांनी यंत्र परत करायचं आणि सहा महिन्यांनी एकदा येऊन दाखवायचं. ज्यांना आला नाही त्यांच्यावर दुसऱ्या पद्धतीने आणखी बारा आठवडे उपचार. उपचार चालू आहेत तोवर दर सोमवारी आमचा फोन येईल. शिवप्पाने सही केली.

त्या फोनचं काय सांगावं! विनोदचाही फोन यायचा, रविवारी. "बरंय ना, आप्पा?" ह्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर असतं, त्याला 'हाव' म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. मंजुश्री तसं विचारत नव्हती. झोप किती, म्हणजे किती तास. जेवण जातं का, म्हणजे काय खाल्लं. एकदा शिवप्पाने सांगून टाकलं की ज्वारीची भाकरी थापतो, पण तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे होतात. ती हसली आणि म्हणाली, आईला विचारून सांगते. पाच मिनिटांचा तो फोन त्याला आठवडाभर पुरायचा, आणि पुढच्या सोमवारपर्यंत तो त्यातलं एकेक वाक्य पुन्हा पुन्हा काढून बघायचा. त्याला तिची ओढ लागली होती, जशी बापाला माहेरवाशिणीची लागते. उगाच झाकण्यात अर्थ नाही.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्याची पूजा संपली आणि त्याच्या लक्षात आलं की किर्र मधे आलीच नव्हती. त्याने कान देऊन ऐकलं. होती, पण लांब, गल्लीच्या टोकाला कुणाची तरी मिल चालू असावी तशी. आठ नाही. चार, फार तर चार. तो आनंदाने अंगणात आला आणि हे कोणाला सांगावं म्हणून उभा राहिला. सांगण्यासारखी एकच होती, आणि सोमवारला अजून दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत त्याला तो नियम आठवला. गुण आला की बाराव्या आठवड्याला यंत्र परत, आणि फोन बंद; नाही आला तर फोन आणखी बारा आठवडे.

सोमवारी मंजुश्रीने विचारलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "आठ."

"अजून आठच का, आप्पा?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात अशी काळजी होती की शिवप्पाला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आठ म्हणाला. खोट्याला पहिल्यांदा घाम फुटतो, तिसऱ्यांदा ते आपलं आपण चालतं.

मागच्या गल्लीत रामकिशन राहायचा. तो त्याच मिलमधला हमाल. पोती वाहून वाहून मान वाकडी झालेली आणि दोन्ही कानांत भुंगे. त्याचं दुखणं शिवप्पापेक्षा जुनं आणि जास्त. त्याची बायको केवळाबाई सांगायची की हा भिंतीला डोकं टेकून बसतो आणि पाणी विचारलं तरी अंगावर येतो. नवव्या आठवड्यात रामकिशन एका दुपारी आला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मिस्त्री, तुझी मूठ खरी. त्या यंत्रानं काय गुण हाय का, तेवढं सांग. आसंल तर नांदेडला जाऊन डाक्टरचे पाय धरतो. नसंल तर गप बसतो."

खरं सांगितलं तर ते रामकिशनच्या तोंडून नांदेडला पोचेल, ही भीती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. शिवप्पा म्हणाला, "न्हाई रं. काय बी फरक न्हाई."

रामकिशनने टोपी उचलली. "तू म्हणलास म्हंजे न्हाईच," तो म्हणाला आणि गेला. त्याने दुसऱ्या कोणाला विचारलं नाही, कारण शिवप्पाच्या मुठीनंतर दुसरी मूठ बघायची रीत नव्हती. त्या संध्याकाळी शिवप्पाने यंत्र लावलं, पण अर्धा तास होण्याआधीच जिभेवरची पट्टी काढून टाकली.

बाराव्या आठवड्याला तो नांदेडला गेला, तेव्हा मनात एक तोडगा होता. आपल्याबद्दल काही बोलायचं नाही, पण रामकिशनला आत घ्या म्हणून गळ घालायची. म्हणजे पाप निम्मं फिटेल. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता नवीन माणूस घेता येत नाही. चाळीस ठरली होती, चाळीस झाली. ह्या चाळिसांच्या आकड्यांवरून यंत्र कामाचं की बिनकामाचं ते कळेल. कामाचं निघालं तर लातुरातही आणता येईल, मग तुमच्या मित्राला तिथेच मिळेल. बिनकामाचं निघालं तर कोणालाच देणार नाही.

शिवप्पाने विचारलं, लोक तर हजारोंनी असतील, मग चाळिसांवरून कसं ठरवता?

"शितावरून भाताची परीक्षा, आप्पा," डॉक्टर सहज म्हणाले आणि कागदाकडे वळले.

भाताचं शिवप्पाला एवढं कळत नव्हतं, पण पोत्याचं कळत होतं. चाळीस माणसं म्हणजे मूठ. पोतं म्हणजे रामकिशन, आणि रामकिशनसारखे कोण कोण, कुठल्या कुठल्या गावचे, जे भिंतीला डोकं टेकून बसतात. आणि त्या मुठीत आपण जाणूनबुजून एक खोटा दाणा टाकला आहे. जे करणाऱ्या व्यापाऱ्यांना आपण फाटकावरून परत पाठवत होतो, तेच आपण केलं. समोर मंजुश्री शेवटच्या कागदावर त्याचा आकडा लिहायला बसली होती. फोनवर वाटायची त्यापेक्षा ती लहान दिसत होती.

"बाई, तो आठ लिहू नका," शिवप्पा म्हणाला. "पाचव्या आठवड्यापासनं माझा चार हाय. मी खोटं सांगत आलो."

तिने पेन खाली ठेवलं. "का, आप्पा?"

"तुमचा फोन बंद झाला असता."

शिवप्पा मान खाली घालून आपल्या सदऱ्याच्या गुंडीकडे बघत राहिला. डॉक्टर रागावले नाहीत, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश सांगितलं की झालेले आकडे आता मागे जाऊन दुरुस्त करता येत नाहीत. तुम्ही आधी आठ म्हणालात, आता चार म्हणता, यातलं कुठलं धरायचं हे आम्ही ठरवू शकत नाही. तुमचं नाव वेगळं काढावं लागेल. निकाल एकोणचाळिसांवर लागेल. पाकीट फुटेल तेव्हा तुमचं यंत्र कुठलं होतं ते हवं असेल तर कळवू. शिवप्पा नको म्हणाला. शिवप्पाची मूठ धरता येत नाही, असं एकेचाळीस वर्षांत त्याला कोणी म्हटलं नव्हतं. तेही इतक्या गोड शब्दांत.

यंत्र टेबलावर ठेवून तो निघाला. मंजुश्री दारापर्यंत आली. म्हणाली, "आप्पा, पीठ उकळत्या पाण्यात मळा. आईने सांगितलंय. भाकरी तुटणार नाही."

लातूरला उतरल्यावर तो घरी न जाता सरळ रामकिशनकडे गेला आणि दारातच उभं राहून सगळं सांगितलं. रामकिशनने ऐकलं. मग एवढंच विचारलं की म्हणजे त्या दिवशी मी आलो तेव्हा तुझा चार होता. शिवप्पा हो म्हणाला. रामकिशन उठून आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. केवळाबाईने बसा म्हटलं नाही.

त्यानंतरचे सोमवार कसे गेले ते शिवप्पालाच माहीत. भाकरी मात्र तुटेनाशी झाली. ती गोल, फुगलेली भाकरी ताटात घेऊन तो एकटाच बसायचा, आणि हे कोणाला दाखवावं, असं त्याला वाटायचं. किर्र हळूहळू गल्लीच्या टोकावरून घराकडे निघाली, आधी अंगणात आली, मग घरात. यंत्र गेलं म्हणून आली की फोन गेला म्हणून, हे सांगणारं पाकीट नांदेडला होतं. रविवारी विनोदने विचारलं, बरंय ना. शिवप्पा म्हणाला, हाव.

चौथ्या सोमवारी दहाला पाच कमी असताना तो सवयीने हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून फोनसमोर बसला. दहा वाजले. माडीवर मुलं नव्हती. घरात नळाचं पाणीसुद्धा ठिबकत नव्हतं. दहा वाजून पाच मिनिटांनी तो उठला, चपला घातल्या आणि मागच्या गल्लीत गेला.

रामकिशन ओट्यावर भिंतीला डोकं टेकून बसला होता. केवळाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. शिवप्पा न विचारता समोर बसला आणि मंजुश्रीने विचारले होते तेच प्रश्न, यंत्राचा तेवढा गाळून, त्याच क्रमाने, एकेक करून विचारू लागला. झोप किती लागली? चक्कर येते का? जेवण जातं का? जेवणाला केवळाबाईनेच उत्तर दिलं, अर्धी भाकर खातो आणि ताट लोटतो. मग शिवप्पा शेवटच्या प्रश्नावर आला.

"शून्य म्हंजे कानात काय बी न्हाई. दहा म्हंजे सोसतच न्हाई. मागच्या आठवड्यात किती?"

"दहा," रामकिशन फटकन म्हणाला.

"पोत्याच्या तोंडाचं नगं. बुडाचं सांग."

रामकिशनने डोकं भिंतीपासून काढलं. तो खरंच आठवू लागला. वर्षानुवर्षं हा आवाज त्याच्या डोक्यात होता, पण किती, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. केवळाबाईचं सूप थांबलं. "सात," तो म्हणाला. "बुधवारी नऊ व्हता. काल जरा सहा वाटला."

शिवप्पाने मान हलवली. त्याचे प्रश्न संपले होते आणि आता उठायला हवं होतं, पण त्याच्याने उठवेना. केवळाबाई पुन्हा पाखडू लागली. दुसरीकडे बघत रामकिशनने विचारलं, "आन तुजा?"

"आठ," शिवप्पा म्हणाला.

रामकिशनने त्याच्याकडे रोखून बघितलं.

"ह्यो खरा हाय," तो म्हणाला.

"बघू," रामकिशन म्हणाला. "पुढच्या सोमवारी ये."